परड्यातली गाजरं भोकं पडून निघतायत, काय करू?

अनगोळचं परडं – १८ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. बेळगावात अनगोळला आमचं जुनं घर आहे, मागं परडं. त्यातला दहा बाय बारा फुटांचा तुकडा मी भाजीला ठेवलाय. गेल्या वर्षी पहिल्यांदा गाजर केलं. दसरा झाल्यावर पेरलं आणि संक्रांतीला घरच्या गाजराचा हलवा झाला, एकाही गाजराला डाग नव्हता. त्यामुळं यंदा हुरूप आला. लवकर पेरलं तर लवकर मिळेल म्हणून ऑगस्टच्या शेवटीच बी टाकलं. गवळ्याकडून शेणखत आणून वाफ्यात घातलं. पाला एवढा छान आला होता की येणारा-जाणारा विचारायचा.

गेल्या पंधरा दिवसांत एकेक रोप दुपारी माना टाकायला लागलं आणि पाणी घातलं तरी संध्याकाळी उठेना. काल तीन उपटली. एकाचं मूळ बाजूनं कुरतडलेलं, जणू कुणी चमच्यानं खरवडलंय. दुसऱ्याला आरपार भोक. तिसऱ्याचा नुसता पाला हातात आला, खाली मूळच नाही.

इंटरनेटवर सगळीकडं गाजरमाशीचं लिहिलंय. माशी उंच उडत नाही, सभोवती दोन फुटांचा पडदा लावा म्हणतात. तोही लावला. लसूण-मिरचीचं पाणी मारलं, हळद टाकली. फरक नाही. माझी मुलगी रोज सकाळी शाळेला जायच्या आधी ह्या वाफ्याला पाणी घालते. तिला काय सांगू कळेना. अजून शंभरेक रोपं उभी आहेत, ती वाचतील का?

कडोलीचा शिवारी – १८ ऑक्टोबर

ताई, आधी फवारायचं थांबवा. जे रोप मान टाकलंय त्याच्या बुडाला खुरप्यानं वीतभर खोल उकरा आणि माती हातानं फोडून बघा. खाणारा तिथंच सापडतोय. काय सापडलं ते लिहा, मग बोलू. भोक केवढं हाय, आत काळी-तपकिरी नळी हाय की नुसता खड्डा, तेबी सांगा.

खानापूर जंगलकाठ – १८ ऑक्टोबर

पडदा काढून टाका, वारा तरी लागेल रोपांना. गाजरमाशी ही थंड मुलखातली. युरोप, उत्तर अमेरिका, न्यूझीलंड इथल्या बागकाम करणाऱ्यांचा तो मोठा शत्रू, म्हणून इंटरनेटवर तिचाच बोलबाला. ती माशी खरंच जमिनीलगत उडते, गाजराच्या वासावर येते आणि रोपाशेजारी मातीत अंडी घालते. म्हणून तिकडं साठ सेंटिमीटरचा आडोसा उपयोगी पडतो. विरळणी करताना पाला चुरगळला की वास सुटतो, म्हणून ते लोक संध्याकाळी विरळणी करतात. तिची अळी गाजरात गंजाच्या रंगाचे बारीक बोगदे पाडते. तुम्ही लिहिलंय खरवडल्यासारखं आणि मूळच गायब. हे त्या माशीचं काम नाही. मी दहा-बारा वर्षं गाजर करतेय, तसे गंजके बोगदे आमच्या वाफ्यात एकदाही पाहिले नाहीत.

कांदा शेजारी लावला की माशी फसते, हाही सल्ला तिकडचाच. तोही कांद्याची पात कोवळी असेपर्यंतच चालतो, गड्डा धरायला लागला की परिणाम जातो. आपल्या मातीतल्या किड्याला कांद्याच्या वासाचं काही नाही, तो वर येतच नाही.

अनगोळचं परडं – १९ ऑक्टोबर

उकरलं. चार पांढऱ्या अळ्या मिळाल्या. जाड, करंगळीएवढ्या, डोकं तांबूस तपकिरी, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळून पडलेल्या. शिवाय एक वेगळी, मातकट काळसर, तेल लावल्यासारखी चकचकीत, हात लावला की वेटोळं करते. ती मात्र अगदी वर, पाल्याच्या बुडाशी होती. पांढऱ्या अळ्या तर खताच्या ढिगातही पाहिल्या आहेत मी. म्हणजे खतातूनच आल्या का?

कडोलीचा शिवारी – १९ ऑक्टोबर

आता चित्र स्वच्छ झालं. पांढरी ती हुमणी, काळी ती रोपं कुरतडणारी अळी. दोघींचा इलाज वेगळा, म्हणून वेगवेगळं लिहितो. लांब होईल, पण वाचा.

पहिलं, खताच्या ढिगातली सगळी पांढरी अळी हुमणी नसते. उकिरड्यात गेंड्या भुंग्याची अळी असते, फुलभुंग्यांची असते. त्या कुजकं खातात, जित्या मुळाच्या नादाला लागत न्हाईत. ओळखायची सोपी खूण सांगतो. अळी सपाट फरशीवर ठेवा. पाठीवर उताणी होऊन सरकत चालली तर ती फुलभुंग्याची, तिला परत खतात सोडा, ती खत बारीक करतीया. कुशीवर पडून पाय हलवत ऱ्हायली तर हुमणी असू शकते. आमच्या पोरांना मी हे शिकवलंय, ते आता ढिगातली वेचून वेगळी करतात.

आता हुमणीचं वर्ष कसं चालतं ते बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच हाय. एप्रिल-मे महिन्यात वळीव पडला की तिचे भुंगेरे मातीतनं बाहेर येतात. दिवस मावळला की कडुलिंब, बाभूळ, बोर असल्या झाडांवर बसून पाला खातात, पहाट व्हायच्या आत परत मातीत. मादी मातीतच अंडी घालते. पंधरा दिवसांच्या आत अळी निघते, पण सुरुवातीला बारीक, कुजकं-बारीक मुळं खाऊन ऱ्हाते. ऑगस्टपासनं ती मोठी होते आणि ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिचं खरं खायचं दिवस. थंडी पडायला लागली की ती खोल उतरते आणि कोषात जाते. त्यातनं भुंगेरा तयार झाला तरी तो वळवापर्यंत मातीतच बसून ऱ्हातोय.

आता तुमच्या दोन पेरण्या शेजारी ठेवा. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर पेरलं. गाजर बोटाएवढं व्हायला डिसेंबर उजाडला, तवर हुमणी खाली निजलेली. यंदा ऑगस्टला पेरलं. गाजर बोटाएवढं झालं सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे नेमकं तिच्या भुकेच्या दिवसांत. कीड गेल्या वर्षीबी परड्यात असणार. तारीख चुकली, ताई. औषध कमी पडलं न्हाई.

आमच्याकडं जुनी माणसं हस्ताचा पाऊस निघून गेल्यावर, चित्रा-स्वातीत गाजराचं बी टाकायची. त्यांनी हुमणीचा जन्म-कोष पाहिलेला नसंल, पण हिशोब बरोबर होता. थंडीत रंग आणि गोडीबी चांगली येते. पंधरा ते वीस अंशांत रंग सगळ्यात छान भरतो.

उरलेल्या शंभर रोपांचं: मान टाकलेलं प्रत्येक रोप त्याच दिवशी उकरायचं आणि अळी मारायची. एक हुमणी एक मूळ संपवून शेजारच्या मुळाकडं सरकते, म्हणून ओळीनं रोपं जातात. आज उकरलं तर पुढची चार वाचली.

निपाणी मळा – १९ ऑक्टोबर

शिवारी दादांनी बरोबर सांगितलंय. आमच्या ऊसपट्ट्यात हुमणी म्हणजे दरवर्षीचं दुखणं. परडं असो नाहीतर मळा, सगळ्यात स्वस्त इलाज वळवानंतरच्या आठ-दहा संध्याकाळी आहे. साडेसात-आठ वाजता कडुलिंबाखाली जुनी चादर पसरायची, फांद्या जोरात हलवायच्या, पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या बादलीत. एक मादी मारली की पुढच्या डझनभर अळ्या गेल्या. पण एकट्यानं करून भागत नाही. आमच्या गल्लीत सगळे मिळून करतो तेव्हाच फरक दिसतो, कारण शेजारच्या झाडावरचा भुंगेरा तुमच्याच मातीत अंडी घालायला येतो. ताई, तुमच्या आसपास कडुलिंब आहे का?

अनगोळचं परडं – १९ ऑक्टोबर

आहे! परड्याच्या कुंपणाला लागूनच शेजाऱ्यांचा मोठा कडुलिंब. आणि मे महिन्यात आमच्या मागच्या दाराच्या बल्बवर तपकिरी भुंगे आपटत होते, मी झाडून बाहेर टाकले होते. आज हात कपाळावर मारून घेतला.

अजून एक विचारते. ओळखीच्या एकांनी दाणेदार औषध आणून दिलंय, जुन्या डब्यातलं. फोरेट म्हणतात. मातीत टाकलं की आठ दिवसांत हुमणी संपते म्हणे. टाकू का?

खानापूर जंगलकाठ – १९ ऑक्टोबर

नको. हात जोडून सांगते, नको. फोरेटवर केंद्र सरकारनं २०१८ च्या आदेशानं बंदी घातली आणि २०२० संपल्यापासून ते विकायलाही वापरायलाही मनाई आहे. ते अति विषारी आहे, शिवाय आंतरप्रवाही, म्हणजे मुळातून पिकात शिरतं. आणि आपण खाणार आहोत ते मूळच. तुमची लेक रोज त्याच वाफ्यात हात घालते. डबा उघडूही नका, मुलांच्या हाताला लागणार नाही असा बंद ठेवा आणि कृषी खात्याच्या माणसाला विचारून त्याची विल्हेवाट लावा. विहिरीत, गटारात किंवा उकिरड्यावर मुळीच टाकू नका.

कडोलीचा शिवारी – २० ऑक्टोबर

खानापूरच्या ताईंच्या बोलण्याला माझं अनुमोदन. आमच्या शिवारात पूर्वी लोक हे दाणे उघड्या हातानं टाकायचे. पाट सोडला की बगळे पाण्यात किडं वेचायला यायचे आणि तिथंच मरून पडायचे. मी डोळ्यानं पाह्यलंय. त्या वर्षापासनं आमच्या घरात तो डबा आला न्हाई.

त्या बगळ्यांचाच उपयोग करून घ्या की. रिकामा वाफा कुदळीनं वीत-दीड वीत खोल खणा, ढेकळं उलटी पाडा आणि तीन-चार दिवस उघडा सोडा. साळुंक्या, कावळे, बगळे आपसूक येतात.

शहापूर गच्ची – २० ऑक्टोबर

मी गच्चीवर पिंपात गाजर करते. कीटकरोधक जाळीचा पर्याय कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते. चाळीस मेशची, म्हणजे इंचाला चाळीस भोकांची पांढरी जाळी मिळते, वाकवलेल्या पाइपच्या कमानींवर ताणायची, कडा मातीत गाडायच्या. मावा, तुडतुडे, पतंग सगळं बाहेर राहतं. बी टाकल्या दिवसापासून लावली तरच उपयोग.

निपाणी मळा – २० ऑक्टोबर

गच्चीवर बाजारातली धुतलेली माती, तिथं जाळी उत्तम. पण जमिनीवरच्या वाफ्यात हुमणी आधीच आत असते. जाळी लावून तुम्ही तिला बगळ्या-साळुंक्यांपासून वाचवताय. आधी माती साफ, मग जाळी, हा क्रम सोडू नका.

शहापूर गच्ची – २० ऑक्टोबर

पटलं. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

येळ्ळूरची नात – २१ ऑक्टोबर

आमची आजी सांगतेय ते टाइप करते. काळ्या अळीसाठी: ती दिवसा मातीत लपते आणि रात्री वर येऊन कोवळं रोप बुडातून कापते. म्हणून दिवसा फवारून काही होत नाही. संध्याकाळी वाफ्यात दोन-तीन ठिकाणी ओल्या गवताचे, नाहीतर कोथिंबिरीच्या देठांचे छोटे ढीग ठेवायचे. सकाळी उन्हं यायच्या आत ढीग उचलले की खाली अळ्या गोळा झालेल्या असतात, वेचायच्या. आजी कंदील घेऊन रात्री जायची, मी मोबाइलची टॉर्च घेऊन जाते. नऊ-दहाच्या सुमारास जास्त दिसतात. पहिल्या रात्री मला सतरा मिळाल्या, चौथ्या रात्री दोन.

आणि आजी म्हणते, बी उगवलं नाही असं बायका म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा ते मुंग्यांनी नेलेलं असतं. गाजराचं बी दहा-पंधरा दिवस मातीत पडून असतं, मुंग्यांना भरपूर सवड मिळते. ती बी चाळलेल्या राखेत मिसळून ओळीत टाकते, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल, वर ओलं गोणपाट अंथरते. गोणपाटानं ओल राहते आणि बी लवकर फुटतं. मात्र रोज उचलून बघायचं. पहिला हिरवा कोंब दिसला की त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं, नाहीतर कोंब पिवळे लांबुडके होतात. मुंग्यांचं वारूळ वाफ्याजवळ असेल तर त्यात उकळतं पाणी.

हिरवळ १२ – २१ ऑक्टोबर

झेंडू लावा मध्ये मध्ये. झेंडूनं जमिनीतली सगळी कीड जाते.

खानापूर जंगलकाठ – २१ ऑक्टोबर

हिरवळ, झेंडूचा गुण खरा आहे पण तो सूत्रकृमींवर, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींवर. त्याच्या मुळांत सूत्रकृमींना मारक द्रव्य असतं. हुमणीवर त्याचा आधार धरू नका. आणि दोन ओळींत एक झेंडू लावून सूत्रकृमीही कमी होत नाहीत. सगळा वाफा दोन-तीन महिने दाट झेंडूचा करायचा, मग तो तिथंच खणून गाडायचा आणि त्यानंतर गाजर. पावसाळ्यात झेंडू, दसरा-दिवाळीला फुलं, नंतर गाजर असा फेर छान बसतो. माझा तोच आहे.

सूत्रकृमी कसे ओळखायचे तेही लिहिते, कारण लोक त्याला कीड समजून फवारत बसतात. गाजर फाटे फुटून निघतं, बारीक मुळ्यांवर गाठी असतात, अंगावर केसासारखी मुळं. फाटे मात्र दगडानं आणि ताज्या शेणखतानंही फुटतात. त्यामुळं गाठी आहेत का ते आधी बघा. तुडतुड्यांनी आणलेल्या रोगातही गाजराला दाढी फुटते, पण तेव्हा पाला पिवळा-जांभळा पडतो. ते रोप लगेच उपटून टाकायचं.

अनगोळचं परडं – २१ ऑक्टोबर

ताजं शेणखत! मी ऑगस्टमध्ये ओलंच घातलं होतं. वास येत होता.

खानापूर जंगलकाठ – २१ ऑक्टोबर

तेच. भुंगेरे, वाळवी, फाटे, तिन्हीला निमंत्रण. पुढच्या वेळी हाताला चहापत्तीसारखं भुरभुरीत लागेल असंच खत घाला. त्यात चौरस मीटरला शंभर ग्रॅमच्या आसपास निंबोळी पेंड मी पेरणीआधी आठवडाभर मिसळते. पाल्यावर मावा आला तर पाच टक्के निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, किंचित साबणाचं पाणी घालून संध्याकाळी मारायची. पण त्याआधी पानं उलटून बघा. ढालकिडे फिरत असतील तर दोन-तीन दिवस हात लावू नका, तेच मावा फस्त करतात.

कडोलीचा शिवारी – २१ ऑक्टोबर

पुढच्या पावसाळ्यासाठी आणखी एक. मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, हुमणीला रोग लावते. ओल असताना, अळी बारीक असताना, जून-जुलैत कुजलेल्या खतातनं मातीत द्यायची. आता ऑक्टोबरात मोठ्या अळीवर तिचा जोर कमी पडतो. बुरशीनाशकाबरोबर मिसळू नका, बुरशीच मरंल.

कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात विचारून बघा. तिथला माणूस कन्नडच बोलत असंल तर हुमणीला "गोण्णे हुळु" म्हणा, निंबोळी पेंडीला "बेविन हिंडी". गाजर तेवढं "गज्जरी". मला पहिल्यांदा गेलो तेव्हा हातवारे करून अळी दाखवावी लागली होती, तुम्हाला लागू नये.

अनगोळचं परडं – ४ नोव्हेंबर

काय केलं ते कळवते. उभ्या शंभरातली मान टाकलेली सगळी उकरली, बारा दिवसांत एकतीस हुमण्या आणि नऊ काळ्या अळ्या. आता चार दिवस झाले, एकही रोप नवीन पडलेलं नाही. फरशीवर ठेवून बघायचा खेळ लेकीनं मनावर घेतलाय. खतातल्या सात अळ्या उताण्या चालल्या, त्या तिनं स्वतः परत ढिगात सोडल्या.

परड्याची दुसरी बाजू पावसाळाभर पडीक होती. ती खणून चार दिवस उघडी टाकली. पहिल्याच सकाळी सहा साळुंक्या. मग जुनं कुजलेलं खत, पेंड, आणि काल राखेत बी मिसळून पेरलं, वर गोणपाट.

कडोलीचा शिवारी – ४ नोव्हेंबर

स्वातीत पेरलं, बरं झालं. रोपं चार बोटं उंच झाली की विरळणी करा, दोन रोपांत तीन बोटं अंतर ठेवा आणि लगेच पाणी द्या म्हणजे उपटल्याची भोकं बुजतात. गाजराचा माथा उघडा पडला तर माती ओढा, उन्हानं हिरवा होतोय. पाणी एकदम तोडून एकदम भरपूर देऊ नका. गाजर तडकतं आणि त्या चिरेतनं वाणी किडे आत शिरतात. मग लोक म्हणतात वाण्यांनी खाल्लं.

अनगोळचं परडं – ८ फेब्रुवारी

मंडळी, आज काढली. ऑगस्टच्या वाफ्यातून डिसेंबरमध्ये जेमतेम अडीच किलो मिळालं होतं, निम्मं चिरून टाकावं लागलं. नोव्हेंबरच्या वाफ्यातून आज नऊ किलो चारशे ग्रॅम. एकशे छत्तीस गाजरं मोजली, लेकीनंच. कुरतडलेली पाच, फाटे फुटलेली अकरा, बाकी सरळ. येळ्ळूरच्या आजींना नमस्कार सांगा, गोणपाट अकराव्या दिवशी काढलं होतं. संक्रांत हुकली, पण हलवा उद्या होतोय.

शेजारच्या काकूंशी कडुलिंबाचं बोलून ठेवलंय. त्यांनी जुनी चादर काढून ठेवली आणि म्हणाल्या, पहिला वळीव पडला की हाक मार. निपाणीच्या दादांना एक विचारायचं होतं: पाऊस पडला त्याच संध्याकाळी जायचं की दुसऱ्या दिवशी?

निपाणी मळा – ८ फेब्रुवारी

त्याच संध्याकाळी. आणि पुढचे आठ दिवस रोज. बल्बखालीही पाण्याची परात ठेवा.